दादांचा सूर आणि खोपोलीची वीज

"आमच्या दादांचा आवाज एवढा बारीक नव्हता."

खालापूर तालुक्यातल्या एका घराच्या ओटीवर बसून मी लॅपटॉपवर एक जुनं भजन ऐकवत होते, तेव्हा काका हे म्हणाले. दादा म्हणजे त्यांचे वडील. गावच्या भजनी मंडळाचे बुवा. वारून बरीच वर्षं झाली. त्यांचा आवाज उरला होता तो फक्त एका स्पूलवर, आणि ती स्पूल वाजती करायला मला अख्खा पावसाळा लागला होता. त्यामुळे मी जरा फुशारकीतच होते. मी काकांना सांगितलं, "टेपचा वेग मी तपासलाय, तो बरोबर आहे." माणूस गेल्यावर आठवणीत त्याचा आवाज भारदस्त होत जातो, असं शहाणपणही वर जोडलं. काका काही बोलले नाहीत. काकूंनी चहा आणला आणि विषय बदलला.

काकांचं बरोबर होतं. चूक माझी होती, आणि ती इतिहासाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात त्या धड्यातली होती. मी संशोधन करते ते कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या विजेच्या इतिहासावर. ही टेप माझ्या प्रबंधात खरं तर नव्हतीच. पण आता तिच्यावर एक प्रकरण लिहिणार आहे. का, ते सांगते.

चार ट्रॅकचं यंत्र

काका सौदी अरेबियात नोकरीला होते. ८० च्या दशकात सुट्टीवर येताना त्यांनी एक जपानी बनावटीचा स्पूल-रेकॉर्डर आणला. आखातातून टेपरेकॉर्डर आणणं त्या काळी कोकणात काही नवलाचं नव्हतं. पण हा साधा नव्हता. हा चार ट्रॅकचा होता.

साध्या स्टीरिओ यंत्रात टेपच्या एका बाजूला दोन ट्रॅक असतात. स्पूल उलटून लावली की उरलेले दोन. चार ट्रॅकच्या 'मल्टिट्रॅक' यंत्रात मात्र चारही ट्रॅक एकाच दिशेने धावतात. टेपची रुंदी पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. तिच्यावर सुमारे एकेक मिलिमीटरच्या चार वाटा, आणि प्रत्येक वाटेवर वेगळा माइक. अशी टेप साध्या यंत्रावर लावली तर दोनच वाटा ऐकू येतात, आणि उलटी लावली तर उरलेल्या दोन उलट्या वाजतात. काकांच्या घरी मधल्या काळात नेमकं हेच झालं होतं. यंत्र बंद पडलं म्हणून कुणाच्या तरी साध्या रेकॉर्डरवर टेप लावून पाहिली, तर पेटी गायब. मग "टेप खराब झाली" म्हणून ती माळ्यावर गेली. टेपला काही झालं नव्हतं. यंत्र चुकीचं होतं.

मल्टिट्रॅकची खरी गंमत वेगवेगळ्या माइकमध्ये नाही, वेगवेगळ्या वेळांमध्ये आहे. आज गाणं घ्यायचं, आठ दिवसांनी ते ऐकत ऐकत रिकाम्या ट्रॅकवर बासरी भरायची. यात एक अडचण असते. यंत्रात टेप आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते, मग ध्वनिमुद्रण करणाऱ्या आणि शेवटी वाजवणाऱ्या. समजा शेवटच्या दोन हेडमध्ये चार सेंटिमीटर अंतर आहे आणि टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावतेय. मग बासरीवाल्याला जे ऐकू येतं ते एक दशांश सेकंद उशिराचं असतं. त्याने कितीही नेटकं वाजवलं तरी टेपवर तो मागेच पडणार. अमेरिकेतल्या ॲम्पेक्स कंपनीने यावर तोड काढली ती अशी: जुना ट्रॅक ऐकवायचा तो वाजवणाऱ्या हेडमधून नव्हे, तर मुद्रण करणाऱ्या हेडमधूनच. अशा सोयीचं आठ ट्रॅकचं यंत्र १९५७ मध्ये गिटारवादक लेस पॉल यांच्याकडे पोचलं. पुढे ७० च्या दशकात जपानच्या टीॲक कंपनीने ही सोय चार ट्रॅकच्या, घरात मावेल अशा यंत्रात आणली.

मुंबईच्या फिल्मी ध्वनिमुद्रणात मात्र बराच काळ गायक आणि अख्खा वाद्यवृंद एकाच वेळी, एकाच टेकमध्ये गात-वाजवत. कुणी एक चुकलं की सगळं पहिल्यापासून. त्याच काळात खालापूरच्या एका ओटीवर भजनी मंडळ चार ट्रॅकवर उतरलं, हे मला अजूनही मजेशीर वाटतं.

डब्यावर काकांच्या अक्षरात लिहिलंय: "कार्तिक १९८८. १ दादा, २ पेटी, ३ मृदंग-टाळ, ४ बासरी (नंतर)." तो कंसातला 'नंतर' लक्षात ठेवा.

लावायची घाई करू नका

ज्यांच्या माळ्यावर अशा टेप आहेत त्यांच्यासाठी आधी थोडं व्यवहाराचं. आपल्याकडचा पाऊस टेपचा शत्रू आहे. टेप म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी आणि तिच्यावर चिकटद्रव्यात कालवलेली लोहाच्या ऑक्साइडची भुकटी. ७० आणि ८० च्या दशकांतल्या बऱ्याच टेपांचं हे चिकटद्रव्य हवेतलं पाणी शोषतं आणि विघटित होतं. अशी टेप यंत्रावर चढवली की ती किंचाळते, हेडवर तपकिरी राळ साठते, आणि त्या राळेबरोबर आवाजही खरवडून निघतो. म्हणजे "एकदा लावून तर बघू" हेच सगळ्यात घातक.

अशा टेपला शेक देतात. साधारण ५४ अंश सेल्सियस, आठ तास किंवा त्याहून जास्त, तापमान स्थिर ठेवणाऱ्या उपकरणात. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये अजिबात नाही. त्यानंतर काही आठवडे ती वाजण्याजोगी राहते, तेवढ्यात नक्कल करून घ्यायची. पण त्याहून जुनी ॲसिटेटची टेप असेल तर शेक द्यायचाच नाही, ती कडक होऊन तुटते. ओळखायची खूण सोपी आहे. स्पूल उजेडासमोर धरा. ॲसिटेटमधून उजेड झिरपतो, पॉलिएस्टरमधून नाही. बुरशी दिसली तर टेप वेगळ्या पिशवीत ठेवा आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय फिरवू नका.

यंत्राचंही तसंच. वीस-तीस वर्षं बंद असलेल्या यंत्राची पिन थेट भिंतीत खुपसू नये. आतले कपॅसिटर गेलेले असतात, वंगणाचा मेण झालेला असतो, पट्टे सैल पडलेले असतात. टेपला दाबून धरणारा रबरी रोलर दगडासारखा कडक झाला की टेप घसरते आणि सूर डुलतो. काकांच्या यंत्राचा पट्टा आणि रोलर बदलले, गोठलेलं वंगण काढून नवीन घातलं. हेड शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पुसले. मग हेडमधलं साठलेलं चुंबकत्व काढलं. हे करताना यंत्र बंद हवं आणि सगळ्या टेप दुसऱ्या खोलीत, नाहीतर आवाजच पुसला जायचा. शेवटी हेडचा कोन. तो केसभर तिरका असला तरी टाळांची किणकिण बोथट होते. स्क्रू अगदी हलकेच फिरवत, टाळ सगळ्यात लख्ख ऐकू येतील तिथे थांबायचं. हे कानानेच करावं लागतं.

एवढं करून टेप वाजली. दादांनी पहिला आलाप घेतला आणि काकू आतून बाहेर आल्या.

घूं

आता वेग. टेप ठराविक वेगाने मुद्रित होते आणि त्याच वेगाने वाजायला हवी. जास्त वेगाने वाजवली तर आवाज बारीक आणि लय जलद, कमी वेगाने वाजवली तर उलट. मग वेग बरोबर आहे हे ओळखायचं कसं?

यासाठी एक नामी युक्ती आहे. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मागे सतत एक बारीकसा 'घूं' असतो. तंत्रज्ञ त्याला 'हम' म्हणतात. विजेच्या तारांमधून, ट्रान्सफॉर्मरमधून तो माइकच्या वायरीत शिरतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं पूर्ण करते, म्हणजे ५० हर्ट्झ. त्यामुळे हम ५० वर किंवा त्याच्या पटीत, १०० वर, सापडतो. संगणकावर तो मोजायचा. ५० आला तर वेग बरोबर. ५२ आला तर टेप चार टक्के जास्त वेगाने वाजतेय.

मला संशय वेगळाच होता. सौदी अरेबियात वीज ६० हर्ट्झची. शेजारच्या कुवेतमध्ये, दुबईत ५०. जपानमध्ये तर एकाच देशात दोन्ही: पूर्वेला ५०, पश्चिमेला ६०. म्हणूनच बऱ्याच जपानी यंत्रांत ५० आणि ६० अशी बदलायची सोय असते. नुसतं व्होल्टेज जुळवून भागत नाही. ६० वर बसवलेली मोटर आपल्या ५० वर लावली तर ती सहाला पाच या प्रमाणात हळू फिरते. अशा यंत्रावर मुद्रित केलेली टेप नीट बसवलेल्या यंत्रावर वाजवली तर आवाज तीन पट्ट्यांहून जास्त वर चढतो. बुवांचा पोरगा झालेला असतो. आणि त्या टेपवरचा हम ५० ऐवजी ६० वर सापडतो.

मी मोजलं. हम बरोबर ५० वर. तो घरातल्या आजच्या वायरिंगचा तर नाही ना, हेही पाहिलं. टेप थांबवली की हम जवळजवळ नाहीसा होत होता. म्हणजे तो टेपवरचाच होता. यंत्राची मागची बाजू उघडून मोटर ५० वर बसवलेली आहे याची खात्री केली. पुरावा पक्का. वेग बरोबर. काका भावुक झालेत, असं मी ठरवून टाकलं.

खोपोली आणि भिवपुरी

माझी चूक कळायला माझ्याच प्रबंधातलं पहिलं प्रकरण पुरेसं होतं.

टाटांची जलविद्युत कंपनी १९१० ची. लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी बोरघाटातून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीत आणायचं आणि त्यावर वीज करायची, ही योजना. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं आणि वीज तारांवरून परळला, तिथून गिरण्यांना गेली. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजघर आलं, ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर. काम झालेलं पाणी खोपोलीतून पाताळगंगेत आणि भिवपुरीतून उल्हास नदीत जातं. मुंबईची वीज अशी या दोन तालुक्यांतून निघाली. पण ती इथल्या वाड्यांच्या डोक्यावरून गेली, घरात दिवा यायला पुढे बरीच वर्षं लागली. १९४२ मध्ये माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने याच तारांचे मनोरे पाडले, ते मुंबईच्या गिरण्या थांबाव्यात म्हणून. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. १९६० मध्ये राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं, गावोगाव खांब उभे राहिले, आणि वेगवेगळ्या वीजघरांच्या तारा एकमेकींना जोडल्या जाऊन एक मोठं जाळं तयार झालं.

या जाळ्याचा एक नियम आहे. त्याला जोडलेली सगळी जनित्रं एका तालात फिरतात. खोपोलीचं चक्र, कोयनेचं चक्र, तुर्भ्याचं औष्णिक केंद्र, सगळी एकाच ठेक्यात. तो ठेका म्हणजे ५० हर्ट्झ. पण पिठाच्या गिरणीत दाणे एकदम जास्त ओतले की जातं जसं जड होऊन मंदावतं, तसंच इथे होतं. मागणी वाढली आणि निर्मिती पुरली नाही की अख्खं जाळं मंदावतं. ५० चे ४९.५ होतात, ४९ होतात. ८० आणि ९० च्या दशकांत वीज एवढी अपुरी होती की संध्याकाळच्या वेळी ४९ च्याही खाली जाणं नेहमीचं होतं. रात्री मागणी ओसरली की उलट ५० च्या वर. २००२ च्या जुलैपासून आपल्या पश्चिम विभागात नवी दरपद्धती आली. जाळं मंदावलेलं असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर ती महाग पडू लागली, आणि हे चढउतार आवरले. आज ४९.९० ते ५०.०५ एवढाच पट्टा मान्य आहे.

घरात हे कुणाला जाणवत नसे. दिवे मंद होणं ही व्होल्टेजची गोष्ट. काकांच्या घरी त्यासाठी स्टॅबिलायझर होता, तो व्होल्टेज २३० ला आणून ठेवी. फ्रिक्वेन्सीला तो हातही लावत नाही.

पण काकांच्या यंत्राची मोटर सिंक्रोनस होती. म्हणजे ती व्होल्टेजकडे फारसं बघत नाही, ती विजेच्या ठेक्याला बांधलेली असते. स्थिर वेगासाठी ही मोटर उत्तम मानली जाई. फिल्म स्टुडिओत कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक एकाच विजेवर अशा मोटरांनी चालवले की ते आपोआप बरोबरीने धावत. पण वीजच मंदावली तर मोटरही तेवढीच मंदावते. ४८.५ ला ती तीन टक्के हळू फिरते.

आता गणित करा. भजनाच्या रात्री वीज ४८.५ वर आहे. टेप तीन टक्के हळू धावतेय, आणि माइकच्या वायरीत शिरणारा हमही ५० नाही, ४८.५ च आहे, म्हणजे तोही तीन टक्के कमी. पुढे ५० वर टेप वाजवली की टेप तेवढी जलद धावते आणि हम बरोबर ५० वर येऊन बसतो. वीज ४८ असो की ५१, हम नेहमी ५० च येणार. मोटर आणि हम एकत्र खाली जातात, एकत्र वर येतात.

म्हणजे सिंक्रोनस मोटरच्या टेपवरचा हम वेगाबद्दल काहीच सांगत नाही. ६० ची मोटर ५० वर लावली असती तर त्याने सांगितलं असतं, पण थकलेल्या विजेबद्दल तो मुका आहे. सेलवर चालणारी नाग्रा किंवा उहेरसारखी यंत्रं असती तर गोष्ट वेगळी. त्यांची मोटर विजेच्या जाळ्याला बांधलेली नसते, म्हणून त्यांच्यावर आलेला हम त्या दिवसाच्या विजेचा खरा साक्षीदार ठरतो.

इतिहासाच्या वर्गात आम्हाला शिकवतात की दोन बखरी एकच गोष्ट सांगतात म्हणून ती खरी मानू नका. आधी बघा, एकीवरून दुसरी उतरवलेली नाही ना, किंवा दोन्ही तिसऱ्याच बखरीवरून उतरलेल्या नाहीत ना. टेपचा वेग आणि टेपवरचा हम या एकाच बखरीच्या दोन नकला होत्या. मूळ बखर होती त्या रात्रीची वीज. मी दोन नकला एकमेकींशी ताडून पाहिल्या, त्या जुळल्या, आणि मी काकांना खोटं पाडलं.

पेटी

मग स्वतंत्र साक्षीदार हवा. विजेशी संबंध नसलेला. तो काकांच्या माजघरात, लाल फडक्याखाली होता. दादांच्या भजनाची पेटी.

पेटीचे सूर पितळी पट्ट्यांचे. भाता मारला की पट्टी थरथरते, तिची लांबी-जाडी ठरवते तो सूर. वीज ४८ आहे की ५०, पट्टीला कळत नाही. काकांनी सांगितलं की दादा गेल्यावर ती कुणी उघडलेली नाही, ट्यून करायला दिलेली नाही. मी एकेक पट्टी वाजवून मोजली. मग टेपच्या दुसऱ्या ट्रॅकवर, जिथे पेटी एकटी वाजते तिथे, तेच सूर मोजले.

दादा काळी दोनमध्ये गात. मंडळातल्या एका जुन्या टाळकऱ्यांनीही हेच सांगितलं. टेपवरचा षड्ज मात्र काळी दोनच्या वर आणि पांढरी तीनच्या खाली, जवळपास मधोमध लोंबकळत होता. दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातल्या एका भागाला सेंट म्हणतात. टेप पेटीपेक्षा साधारण ४५ सेंट वर होती. जुन्या पेटीच्या पट्ट्या धुळीने, गंजाने उतरतात-चढतात, हे खरं. पण तसं झालं तर एक पट्टी इकडे, दुसरी तिकडे जाते. इथे सगळे सूर जवळपास सारख्याच अंतराने वर होते. पेटी बिघडलेली नव्हती. टेपच जलद वाजत होती.

४५ सेंट म्हणजे वेगात २.६ टक्क्यांच्या आसपास फरक. उलटा हिशेब केला तर भजनाच्या वेळी वीज सुमारे ४८.७ हर्ट्झ होती. कार्तिकातली संध्याकाळ, दिवेलागणीनंतरची वेळ, १९८८. माझ्या प्रबंधाच्या दृष्टीने हे सगळं अगदी जुळणारं.

थोडक्यात, माझ्याकडे त्या रात्रीच्या विजेचा एक दस्तऐवज आहे, आणि तो लिहिलाय एका पेटीने. जुन्या वीजकेंद्रांत फ्रिक्वेन्सी दाखवणारं एक मीटर असे. त्यात पोलादाच्या बारीक पट्ट्यांची एक रांग, प्रत्येक पट्टी वेगळ्या फ्रिक्वेन्सीला लावलेली. वीज ज्या ठेक्यावर असेल ती पट्टी थरथरे, बाकीच्या गप्प. म्हणजे पेटीच ती, विजेने वाजणारी.

बासरीचं काय?

आता त्या 'नंतर'कडे येऊ. चौथ्या ट्रॅकवरची बासरी दुसऱ्या दिवशी भरलेली आहे. दुसरा दिवस म्हणजे दुसरी वीज.

समजा त्या दिवशी दुपारी वीज ४९.५ होती. मग ४८.७ वर मुद्रित झालेली टेप त्या दुपारी १.६ टक्के जास्त वेगाने वाजली असणार. बासरीवाल्याला पेटी मूळ सुरापेक्षा २८ सेंट वर ऐकू आली असणार. पेटी लावता येत नाही, बासरीही लावता येत नाही. त्याने फुंक बदलून, बोटं अर्धवट उचलून जुळवून घेतलं. टेपवर बासरी सुरात आहे, पण वरच्या षड्जाला ती ओढून-ताणून पोचतेय असं वाटतं. मला आधी वाटलं, वादक नवशिका असावा. आता तसं वाटत नाही. काका म्हणाले, "तो सारखा म्हणत होता, पेटी चढली, पेटी चढली. आम्ही त्यालाच हसलो."

म्हणजे एकाच टेपवर दोन वेळा आहेत. दादांचा आवाज खऱ्या पट्टीवर आणण्यासाठी मी सगळी टेप ४५ सेंट खाली घेतली, तर पहिले तीन ट्रॅक बरोबर होतात आणि बासरी तिच्या खऱ्या सुरापेक्षा खाली जाते. बासरी खरी करायची तर दादा पुन्हा बारीक होतात. चारही एकाच वेळी खरे करता येत नाहीत, कारण ते चौघं एका वेळी कधी वाजलेच नव्हते. एकत्र वाजल्याचा भास हेच तर मल्टिट्रॅकचं काम.

मी दादांची बाजू घेतली. हा निर्णय माझा आहे, यंत्राचा नाही. म्हणून फाइलसोबत एक कागद ठेवला. कोणतं यंत्र, कोणत्या प्रकारची मोटर, टेपचा वेग सेकंदाला १९ सेंटिमीटर, किती सेंट खाली घेतलं, कोणत्या पेटीवरून आणि कोणत्या तारखेला मोजून. शिवाय न सुधारलेली फाइल आणि चारही ट्रॅक वेगवेगळे. उद्या कुणाला माझा निर्णय चुकीचा वाटला तर त्याला परत मागे जाता यायला हवं. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या नोंदींत गायक, राग, तारीख असते. मोटर कोणती आणि वीज कुठली, हे सहसा नसतं. पण रागाची पट्टी, गायकाची लय, यांवर कुणी काही सिद्ध करायला निघालं तर पाया तिथेच आहे. आणि २००२ च्या आधी सिंक्रोनस मोटरवर मुद्रित झालेली आपल्याकडची किती मैफलींची, किती लोकगीतांची रेकॉर्डिंगं "हम ५० आहे" म्हणून बरोबर मानली गेली असतील, हा विचार मला अस्वस्थ करतो.

परत ओटीवर

दिवाळीनंतर मी सुधारलेली फाइल घेऊन गेले. तीस मिनिटांचं भजन आता तीस मिनिटं आणि ४८ सेकंदांचं झालं होतं. लय थोडी संथ, आवाज थोडा खाली. कागदावर हे काहीच नाही. मी आधी माफी मागितली, मग बटण दाबलं.

काका पहिला अभंग संपेपर्यंत मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "हां. आता दादा."

काकू म्हणाल्या, "दमाने गायचे ते. तेव्हा घाईत वाटत होते."

आवाज बारीक असल्याचं काकांनी ओळखलं होतं, लय जलद असल्याचं काकूंनी. त्या दिवशी मी विचारलंच नव्हतं, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या.

तुमच्याकडे कर्जत-खालापूर भागातली अशी एखादी स्पूल असेल तर दोन गोष्टी करा. ती लावून बघू नका. आणि त्या घरातली पेटी विकू नका, ट्यून करायलाही देऊ नका, निदान तिच्या पट्ट्या कुणीतरी मोजून लिहून ठेवेपर्यंत.